सहज ध्यान : मंत्राचे आणि श्वासाचे

रविवारची वंदना आटोपली की विहारात एखादा नवा उपासक विचारतो, "मंत्राचं ध्यान आपल्याला चालतं का? त्यात म्हणे काही कष्ट नसतात." या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणून मोकळे होण्यापेक्षा हे ध्यान कुठून आले ते आधी पाहावे, असे आम्हाला वाटते.

'भावातीत ध्यान' या नावाने ते जगभर नेले महर्षी महेश योगी यांनी. अलाहाबाद विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेला हा माणूस ज्योतिर्मठाचे शंकराचार्य ब्रह्मानंद सरस्वती यांच्याजवळ राहून त्यांचे कामकाज पाहत असे. गुरू १९५३ साली वारले. महेश योगी जन्माने ब्राह्मण नव्हते, तेव्हा त्या गादीवर त्यांनी बसण्याचा प्रश्नच नव्हता. सेवा कितीही करा, जात आडवी यायची ती येतेच. आमच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. मग १९५५ पासून ते स्वतः शिकवू लागले. आपल्या वडीलधाऱ्यांनी नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली, तो हाच काळ. १९५९ साली महेश योगी अमेरिकेत पोहोचले आणि १९६८ च्या फेब्रुवारीत बीटल्स हे इंग्रज गायक हृषीकेशला त्यांच्याकडे येऊन राहिले. त्यानंतर हे नाव घरोघरी गेले.

आता नवशिक्याला शिकवतात कसे? आधी दोन व्याख्याने, मग शिक्षकाशी थोडी बातचीत. शिकण्याच्या दिवशी फळे, फुले आणि पांढरा रुमाल घेऊन जायचे. शिक्षक गुरूच्या तसबिरीपुढे संस्कृत पूजा म्हणतात आणि शिष्याला एक मंत्र देतात. तो कुणाला सांगायचा नाही. पुढचे तीन दिवस शंकासमाधान. रोज सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटे डोळे मिटून बसायचे. मांडी घालायलाच पाहिजे असे नाही, खुर्चीही चालते. या सगळ्याची फी असते.

खरी गंमत आहे ती 'सहज' या शब्दात. मंत्र ओठांनी पुटपुटायचा नाही, त्याचा अर्थ धरून बसायचे नाही, श्वासाच्या तालाशीही जोडायचा नाही. मनात एखादा विचार यावा तसा तो येऊ द्यायचा. पुसट झाला तर होऊ द्यायचा. मध्येच पोरांच्या परीक्षेचा, उधारीचा विचार आला तर त्याला हाकलायचे नाही. लक्षात आले की हळूच मंत्राकडे यायचे, बस. नवशिक्याची फसगत होते ती इथेच. तो दात-ओठ खाऊन मन आवळायला जातो आणि डोके धरून उठतो.

यात मंत्राची किमया किती आणि नुसत्या शांत बसण्याची किती? अमेरिकेत रॉबर्ट कीथ वॉलेस यांचा पहिला शोधनिबंध १९७० साली छापून आला. ध्यानाच्या वेळी शरीर प्राणवायू कमी वापरते, असे त्यांना दिसले. पुढे त्यांच्याबरोबर काम केलेले हार्वर्डचे डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ च्या पुस्तकात सरळ सांगितले की, शब्द कोणताही चालतो, 'एक' हा आकडासुद्धा. नॉर्वेत 'आसेम' ही संस्था १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला महेश योगींच्या चळवळीपासून वेगळी झाली. ती निरर्थक ध्वनी देऊन हेच शिकवते. ना पूजा, ना तसबीर.

पूजेचा मुद्दा कोर्टातही गेला. न्यू जर्सीतल्या सरकारी शाळांत हे ध्यान शिकवत होते. पालकांनी दावा लावला. १९७७ साली कोर्टाने आणि १९७९ साली वरच्या कोर्टाने हा अभ्यासक्रम धार्मिकच ठरवला आणि शाळांतून तो बंद झाला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांना अडते ते नेमके इथेच. आमचे मत विचाराल तर अडचण शांत बसण्याची नाही, तसबिरीपुढच्या त्या पूजेची आहे.

बरे, शब्दाचा आधार आपल्या परंपरेला परका आहे का? मुळीच नाही. थायलंडच्या अरण्यवासी भिक्खूंमध्ये श्वास आत घेताना 'बुद्' आणि सोडताना 'धो' असे मनात म्हणण्याची रीत आहे. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' लिहिला. त्यात नवशिक्याला श्वास मोजायला सांगितले आहे. पाचाच्या आत थांबू नये, दहाच्या पुढे जाऊ नये. मन स्थिर झाले की मोजणीही सोडायची. त्याच ग्रंथात मधमाश्यांची उपमा आहे. एक माशी इतक्या वेगाने उडते की फूल मागेच राहते, दुसरी इतकी सावकाश की पोहोचेपर्यंत मध संपतो. भगवंतांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारेचे उदाहरण दिले, तेही याच अर्थाने. चालून चालून सोणाचे पाय रक्ताळले होते.

आपल्या महाराष्ट्रात मात्र वळण वेगळे पडले. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून १९६९ साली भारतात आले. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरे भरू लागली. तिथे दहा दिवसांतले पहिले तीन दिवस आनापान असते, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा. त्याला मंत्र जोडायचा नाही, बुद्धाचे नावसुद्धा नाही. शब्दाने मन लवकर एकाग्र होते, हे गोयंका गुरुजी नाकारत नसत. पण श्वास जसा आहे तसाच पाहायचा असल्याने शब्द मध्ये नको, असे ते सांगत. फी नसते, शिबिर केलेल्या साधकांच्या दानावर पुढच्यांची सोय होते. आणि मन भटकले तर? तिथेही चिडायचे नाही, पुन्हा श्वासाकडे यायचे, एवढेच सांगतात.