जोखीम-जाणीव : विमानप्रवास आणि रस्त्यावरचा प्रवास

प्रवासात जिवाला किती धोका आहे, याचा माणूस मनाशी जो अंदाज बांधतो त्याला जोखीम-जाणीव म्हणतात. हा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे यांतली तफावत विमान व मोटार यांच्याबाबत फार ठळक दिसते. विमान धावपट्टी सोडताना खुर्चीचे हात घट्ट धरून बसणारा प्रवासी विमानतळाबाहेर टॅक्सीत बसतो आणि मागच्या सीटवर पट्टा न लावता डुलकी काढतो. अंतराच्या हिशेबाने त्याच्या जिवाला अधिक धोका टॅक्सीतच असतो.

माणूस आपणहून पत्करलेला धोका लादलेल्या धोक्याच्या सुमारे हजारपट चालवून घेतो, असे चॉन्सी स्टार यांनी १९६९ मध्ये मांडले. स्टीअरिंग हातात असले की भरवसा वाटतो. वैमानिकाच्या दारामागे काय चालले आहे ते दिसत नाही. जे चटकन आठवते ते वारंवार घडते असे वाटते, हे एमॉस टव्हर्स्की आणि डॅनियल कानमन यांचे १९७३ मधले प्रतिपादनही येथे लागू पडते. पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये त्यात धास्तीची भर घातली : एका क्षणात अनेकांचा बळी घेणारा, आवाक्याबाहेरचा धोका मनाला जास्त घाबरवतो. रस्त्याचा धोका लोकांना ठाऊकच नाही, असे मात्र नव्हे. बोरघाटातल्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी हळू करून नाणे वाहणारा चालक तो पुरता जाणतो. पण तो धोका रोजच्या ओळखीचा असतो.

या धास्तीची किंमत अमेरिकेत मोजली गेली. ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहृत झालेल्या चार विमानांतले, अपहरणकर्ते वगळता, २४६ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर अनेकांनी विमान टाळून लांबचा पल्ला मोटारीने गाठला. पुढच्या बारा महिन्यांत त्यामुळे सुमारे १,५०० माणसे रस्त्यांवर जास्त मेली, असा जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांचा अंदाज आहे. ही माणसे एकेक, दोनदोन करून वेगवेगळ्या रस्त्यांवर गेली. हल्ल्याच्या बळींत त्यांची गणना कुणी केली नाही.

तुलना कोणत्या मापाने केली, यावर उत्तर बदलते. विमानाचे बहुतेक अपघात उड्डाण व उतरण्याच्या सुमारास होतात, त्यामुळे तासाभराच्या आणि दहा तासांच्या उड्डाणातला धोका फारसा वेगळा नसतो. मोटारीचा धोका किलोमीटरगणिक वाढतो. म्हणून जवळच्या प्रवासात विमानाचे पारडे तितके जड राहत नाही.

भारतात १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत विमान कोसळून त्यातल्या २४२ पैकी २४१ जणांचा मृत्यू झाला आणि जमिनीवरचेही काही जण दगावले. देश कित्येक दिवस त्या शोकातून बाहेर आला नाही, आणि ते योग्यच होते. पण २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ जण मेले, म्हणजे रोज सुमारे ४६२. विमानातल्या मृतांएवढी माणसे रस्त्यावर साडेबारा तासांत जातात, आणि त्यांतले कितीतरी दुचाकीवरचे असतात.

त्याच २०२२ मध्ये ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यातल्या चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार आदळली. मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर पट्ट्याची चर्चा झाली खरी, पण पट्टा न लावता गजराचा आवाज बंद करणाऱ्या क्लिपा ऑनलाइन विकल्या जातच होत्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये आदेश दिल्यावर पाच कंपन्यांनी अशा १३,११८ नोंदी काढून टाकल्या. काही शे रुपयांची ती क्लिप खाचेत बसवताना कुणाच्याही पोटात गोळा येत नाही.

जाणिवेचा हा फरक तपासातही उतरतो. विमान अपघाताचा प्राथमिक अहवाल आंतरराष्ट्रीय नियमानुसार तीस दिवसांत अपेक्षित असतो. अहमदाबादचा अहवाल महिन्याभरात आला. रस्त्यावरच्या मृत्यूची नोंद बहुधा पोलिसांच्या पंचनाम्यावर आणि चालकावरच्या गुन्ह्यावर थांबते. वळणाचा उतार, कठड्याची उंची, अंधारात दिवे न लावता उभा केलेला ट्रक यांची चौकशी क्वचितच होते.