सांगली-मिरज यांमधील दैनंदिन जा-ये

उपनगरी प्रवासाचा इतिहास लिहिताना अभ्यासक बहुधा एकच दिशा गृहीत धरतात : राहावयाचे कडेला आणि पोट भरावयाचे मध्यभागी. मुंबईत १९२५ मध्ये व ब्राझीलमधील रिओ दी जानेरो येथे १९३७ मध्ये विजेच्या उपनगरी गाड्या सुरू झाल्या. दोन्हीकडे सकाळचा लोंढा शहराच्या गाभ्याकडेच वाहिला. सांगली-मिरजेच्या बाबतीत मात्र हे गृहीत टिकत नाही.

मिरजकर पटवर्धनांच्या घराण्यात वाटणी होऊन १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेबांनी सांगलीस वेगळी गादी स्थापिली. त्यामुळे अवघ्या पाच-सहा मैलांच्या अंतराने दोन राजधान्या व दोन बाजारपेठा उभ्या राहिल्या. पैकी एकीने दुसरीचे उपनगर व्हावे, अशी परिस्थितीच नव्हती. लोहमार्ग आला तो मिरजेस. १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटा निघून ते जंक्शन झाले आणि सांगली बाजूस राहिली. ही उणीव सांगली संस्थानच्या मिरज-सांगली फाट्याने १९०७ मध्ये भरून काढली. मिरजेस १८९४ पासून डॉ. वानलेस यांचे रुग्णालय होते, तर सांगलीस हळदीची पेठ. म्हणजे रुग्ण एका दिशेने जात व व्यापारी दुसऱ्या.

तथापि निर्णायक ठरली ती १९१९ मधील विलिंग्डन महाविद्यालयाची स्थापना. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे हे महाविद्यालय दोन्ही नगरांच्या मध्ये, विश्रामबागेस उभे राहिले. तेव्हापासून सांगलीच्या जुन्या पेठांतील विद्यार्थी सकाळी गावाबाहेर जाऊ लागला. १९४७ मध्ये त्याच परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. पुढे कुपवाडची औद्योगिक वसाहत झाली, आणि एके काळी राजवाड्याच्या आवारात असलेली जिल्हाधिकारी कचेरीही विजयनगरला गेली. कारकून, कामगार, विद्यार्थी हे सर्वच मध्यातून कडेकडे जाणारे झाले. ज्यास कड म्हणावे, तीच दोन नगरांचा मध्य होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

याच टापूत किर्लोस्करवाडीचा अपवाद बोलका आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळावर कारखान्याबरोबरच कामगारांची वस्तीही वसविली व रोजच्या प्रवासाचे कारणच बव्हंशी दूर केले. साताऱ्याचे स्टेशन तर शहरापासून दूर, माहुलीस. तेथील नित्याच्या जा-येचा भार रेल्वेपेक्षा रस्त्यानेच अधिक वाहिला.

भाषेतही या व्यवहाराची खूण उमटली आहे. रेल्वेच्या परिभाषेत 'अप' आणि 'डाउन' या परस्परविरुद्ध दिशा. मराठी बोलण्यात मात्र 'अपडाउन करणे' हे एकच संयुक्त क्रियापद बनले. त्यावरून बोलणारा मध्याकडे जातो की मध्यातून बाहेर, याचा पत्ता लागत नाही. सांगली-मिरजेच्या प्रवाशाला याहून नेमका शब्द सापडणे कठीण. भाड्याच्या सामायिक वाहनास सातारा-सांगली-कोल्हापूर भागात रूढ झालेला 'वडाप' हा शब्दही स्वतंत्र अभ्यासास योग्य आहे.

१९९८ मध्ये सांगली, मिरज व कुपवाड यांची एक महानगरपालिका झाली. प्रशासनाने जे त्या वर्षी जोडले, ते प्रवाशांनी कित्येक दशके आधीच जोडले होते. तो जुना फाटा मात्र उरला नव्हता. १९७० च्या सुमारास रुंदमापी मार्ग होताना मुख्य मार्गच सांगलीवरून नेण्यात आला आणि गावातले स्टेशन गेले. सांगलीकर त्या जागेस अद्याप 'स्टेशन चौक' म्हणतात.