होमस्टेवर ई-कार चार्जिंगची सोय करताय? आधी अर्थिंग बघा, चार्जर नंतर घ्या

दापोली (वार्ताहर) : खोली बुक करायला फोन आला की पूर्वी पाहुण्यांचे तीन प्रश्न ठरलेले असायचे. एसी आहे का, जेवणात मासे मिळतील का आणि समुद्र किती लांब. आता चौथा प्रश्न आलाय, "आमची इलेक्ट्रिक गाडी आहे, चार्ज होईल ना?" आणि बुकिंग जाऊ नये म्हणून आपण पटकन म्हणतो, "होईल की, प्लग आहे."

मीही तसंच म्हटलं होतं. बागेला लागून आमच्या दोन खोल्या आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात पुण्याचं एक कुटुंब आलं. स्वयंपाकघरातल्या प्लगला एक्स्टेन्शन बोर्ड लावला, खिडकीतून वायर बाहेर काढली आणि गाडी चार्जिंगला लावून सगळे झोपलो. रात्री दोन-अडीचच्या सुमारास आईला जळका वास आला. जाऊन बघतो तर बोर्ड वितळून फळीला चिकटलेला, फळी काळी पडलेली. बाजूला वाळलेल्या आमसुलांची टोपली होती. मेन स्विच खाली केला म्हणून निभावलं. आई जागी झाली नसती तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो.

त्यानंतर वायरमन, महावितरणचे अभियंते आणि गाडीवाल्या पाहुण्यांना विचारून जे कळलं आणि आम्ही जे बसवलं, ते इथे एकत्र देतोय. ज्यांच्या दोन-चार खोल्या आहेत त्यांच्यासाठी ही माहिती आहे.

प्लग का जळतो?

मिक्सर पाच मिनिटं चालतो. गिझर पंधरा-वीस मिनिटांत पाणी तापवून आपोआप बंद होतो. गाडी मात्र १५ अँपिअर करंट दहा-बारा तास न थांबता ओढते. सॉकेटमधली पट्टी सैल असेल, आतली वायर बारीक असेल किंवा मधे कुठे टेपने गुंडाळलेला जोड असेल, तर त्या जागी उष्णता साठत जाते. बोर्ड पहिल्या तासाला कोमट लागतो, चौथ्या तासाला हात लावता येत नाही. म्हणून पहिला नियम असा की गाडीसाठी एक्स्टेन्शन बोर्ड कधीच वापरायचा नाही, महागातला असला तरी.

पाहुण्याला लागतं तरी किती?

बऱ्याच जणांना वाटतं की मोठा चार्जर घेतल्याशिवाय भागणार नाही. हिशोब करून बघा.

घरच्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर चालणारा, गाडीसोबत मिळणारा चार्जर साधारण ३.३ किलोवॅटचा असतो. रात्री आठ ते सकाळी आठ, म्हणजे बारा तासांत मीटरवर सुमारे ४० युनिट पडतात. घट जाऊन बॅटरीत ३४-३५ युनिट पोहोचतात. एका युनिटला सहा किलोमीटर धरले तरी दोनशे किलोमीटरची सोय झाली. दापोलीहून पुणे पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर आहे. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर, त्यामुळे परतीला ताम्हिणी चढताना तीनेक युनिट जास्त जातात. येताना उतारावर गाडी थोडी वीज परत मिळवते, जाताना तो फायदा नसतो. तेव्हा पाहुण्याची खरी गरज निघायच्या आदल्या रात्रीची असते.

एका रात्रीत एकच गाडी असेल तर एक चांगला, स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट पुरेसा आहे. बोलीत आपण यालाच 'पंधराचा प्लग' म्हणतो.

पायरी पहिली : मंजूर भार

वीजबिल काढा आणि त्यावर मंजूर भार किती लिहिलाय ते वाचा. जुन्या घरांचा भार एक-दोन किलोवॅटवरच राहिलेला असतो आणि खोल्या बांधल्यावर तो वाढवून घ्यायचं कोणाच्या लक्षात येत नाही.

आता बेरीज करा. दोन एसी तीन किलोवॅट, एक गिझर दोन किलोवॅट, गाडी ३.३ किलोवॅट. झाले ८.३ किलोवॅट, म्हणजे ३६ अँपिअर. फ्रिज आणि विहिरीवरचा पंप अजून धरलेलाच नाही. सिंगल फेजची मर्यादा ढोबळमानाने ४० अँपिअर आहे. म्हणजे संध्याकाळी सगळं एकदम चालू झालं की मेन उडणार, नाहीतर खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर तापणार.

यावर दोन उपाय आहेत. एक, महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करा, तो ऑनलाइनही होतो. भार वाढला की सुरक्षा ठेवीतला फरक भरावा लागतो. गरज जास्त असेल तर थ्री फेज घ्या. दुसरा उपाय फुकटचा आहे, तो म्हणजे गाडी रात्री अकरानंतर लावायची. तोवर गिझर, पंप बंद झालेले असतात. मात्र अकराला लावली तर सकाळी आठपर्यंत नऊच तास मिळतात, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपास. लांब जाणाऱ्याला हे आधी सांगा.

पायरी दुसरी : अर्थिंग

आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच. कोकणातली जमीन जांभ्याची. पावसाळ्यात ओली असते तोवर अर्थिंग चालतं, पण एप्रिल-मेमध्ये कातळ कोरडा पडला की त्याचा विरोध वाढतो. आणि पाहुण्यांची गर्दी नेमकी तेव्हाच. बऱ्याच घरांत तर तिसऱ्या पिनची वायर बोर्डापर्यंत आलेली असते, जमिनीत मात्र कुठेच गेलेली नसते.

फ्रिज किंवा टीव्ही अर्थिंग नसलं तरी चालतो, त्यामुळे आपल्याला कळत नाही. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो. ते नीट नसेल तर लाल दिवा लावतो आणि चार्जिंग सुरूच करत नाही. मग पाहुणा म्हणतो तुमची लाईट खराब आणि आपण म्हणतो तुमची गाडी खराब. काही ठिकाणी वायरमन न्यूट्रल आणि अर्थ बोर्डातच जोडून देतात म्हणजे दिवा हिरवा होतो. हे अजिबात करू देऊ नका. बाहेरून येणारा न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरेल आणि पहिला हात बहुतेक लहान मुलाचा लागेल.

चार्जिंग पॉइंटसाठी वेगळा अर्थिंग खड्डा घ्या. जागा शक्यतो न्हाणीच्या किंवा माडाच्या अळ्याच्या पाण्याजवळची, जिथे ओल टिकते. काम झाल्यावर मीटर लावून अर्थिंगचा विरोध मोजून घ्या आणि आकडा लिहून ठेवा. पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजा. उन्हाळ्यात खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं लक्षात ठेवा.

पायरी तिसरी : पॉइंट बसवणं

परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच काम करून घ्या आणि टेस्ट रिपोर्ट मागा. त्याला पुढच्या गोष्टी सांगा :

• मीटरजवळच्या मेन बोर्डापासून गाडीच्या जागेपर्यंत स्वतंत्र लाईन, मधे एकही जोड नको.
• १६ अँपिअरच्या पॉइंटला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. अडीचची चालते असं सांगतील, पण इतके तास चालणाऱ्या लोडला आणि लांब अंतराला ४ चीच घ्या.
• त्या लाईनला स्वतःची एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. आरसीसीबी 'ए' टाइपची मागा. दुकानात सहज मिळते ती 'एसी' टाइपची, ती गाडीच्या चार्जिंगला योग्य नाही.
• १६ अँपिअरच्या सॉकेटला १६ चीच एमसीबी. ती उडते म्हणून ३२ ची लावून देणारे भेटतील. एमसीबी उडते ती वायर वाचवायला. बऱ्याच गाड्यांत करंट कमी करायची सोय असते, ती पाहुण्याला वापरायला सांगा.
• सर्ज प्रोटेक्टर. विजा आणि लाईट जाऊन येताना बसणारे झटके आपल्याकडे कमी नाहीत.
• वेगळा सबमीटर. पैशांचा वाद राहत नाही.

पॉइंट पडवीच्या भिंतीवर, जमिनीपासून चारेक फूट उंच, झाकणाच्या पाणीरोधक पेटीत असावा. पागोळ्यांचं पाणी पेटीवर पडता कामा नये. वायर जमिनीतून नेली तर पाइपातून न्या, नाहीतर घुशी कुरतडतात. आणि गाडीची जागा माडाखाली ठरवू नका. नारळ किंवा झावळी काचेवर पडली तर चार्जिंगचे पैसे राहतील बाजूला.

आमच्याकडे बावीस मीटर वायर, पेटी, आरसीसीबी, सर्ज प्रोटेक्टर, सबमीटर, अर्थिंग आणि मजुरी धरून सतरा हजारांच्या आसपास खर्च आला. अंतर आणि जमीन कशी आहे त्यावर हा आकडा कमी-जास्त होईल.

भिंतीवरचा मोठा चार्जर कधी?

७.२ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअर ओढतो. त्याला किमान ६ चौरस मिलिमीटरची वायर लागते आणि सिंगल फेजवर तो लावला तर घरासाठी जवळजवळ काही उरत नाही. चार-पाच खोल्या असतील, दोन गाड्या एकदम येत असतील आणि थ्री फेज कनेक्शन असेल तरच त्याचा विचार करा. घेतलात तर आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना चालणारा टाइप २ कनेक्टरचा घ्या. २२ किलोवॅटचा कोणी विकायला आला तर लक्षात ठेवा, बहुतेक गाड्या घरगुती चार्जिंगवर ३.३ किंवा ७.२ किलोवॅटपेक्षा जास्त घेतच नाहीत. अर्ध्या-पाऊण तासात भरणारे डीसी फास्ट चार्जर हे महामार्गावरचं काम, आपलं नव्हे.

शेतीपंपाच्या मीटरवरून? नको

हा मुद्दा खास बागायतदारांसाठी. खोल्या बागेत, पंपाचं कनेक्शन शेजारी, शिवाय साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून सरकारने वीज मोफत केलेली. मोह होतो. पण शेतीसाठी दिलेली वीज पर्यटकाच्या गाडीला वापरणं हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो. आकारणी लागू दराच्या दुप्पट होते आणि वापर कधीपासून होता हे ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची धरतात. एका पाहुण्याच्या चाळीस युनिटसाठी एवढं ओढवून घ्यायचं कशाला?

बिल आणि पाहुण्याकडून घ्यायचे पैसे

महावितरणच्या दर आदेशात ई-वाहन चार्जिंग स्टेशनसाठी वेगळी वर्गवारी आहे. स्वतःची गाडी स्वतःच्या जागेत चार्ज केली तर त्या जागेचाच दर लागतो. केंद्र सरकारच्या नियमांनुसार चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नाही, त्यामुळे वेगळा परवाना लागत नाही. पण पाहुण्यांच्या गाड्यांसाठी पैसे आकारणार असाल तर कनेक्शन कोणत्या वर्गवारीत हवं हे उपविभागीय कार्यालयात लेखी विचारा आणि पोच घ्या. तोंडी उत्तरावर राहू नका.

दुसरी गंमत स्लॅबची. घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटचा दर कमी, मग ३००, ५०० असा चढत जातो. महिन्यात दहा गाड्या आल्या तर ३५०-४०० युनिट वाढतात आणि ते सगळे वरच्या स्लॅबमध्ये पडतात. पाहुण्याला पहिल्या स्लॅबच्या दराने पैसे लावलेत तर खिशातून जातील. सबमीटरचे युनिट गुणिले आपल्या बिलातला सगळ्यात वरचा दर, हा हिशोब सरळ आहे. आधी सांगितलं तर कोणी कुरकुर करत नाही.

लाईट गेली तर

घरच्या इन्व्हर्टरवर चार्जिंग पॉइंट जोडू नका, तो एवढा भार पेलत नाही. छोट्या जनरेटरवरही बरेच चार्जर अर्थिंगची चूक दाखवून थांबतात. लाईट आली की बहुतेक गाड्यांचं चार्जिंग आपोआप सुरू होतं, पण बघून खात्री करा. पावसाळ्यात लाईट दोन-दोन दिवस जाते, त्यामुळे जून ते सप्टेंबर "चार्जिंगची हमी नाही" असं बुकिंगच्या वेळीच सांगा आणि वाटेवर फास्ट चार्जर कुठे आहे ते माहीत करून ठेवा.

समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने सॉकेटमधल्या पितळेवर हिरवट थर चढतो. गणपतीच्या आधी आणि मे महिन्याच्या आधी, वर्षातून दोनदा पेटी उघडून स्क्रू आवळून घ्या. नवीन पॉइंटवर पहिली गाडी लागली की तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर लगेच बंद करा.

थोडक्यात

१. बिलावरचा मंजूर भार बघा, बेरीज करा.
२. वेगळं अर्थिंग, मे महिन्यात मोजून.
३. स्वतंत्र लाईन, ४ ची वायर, १६ ची एमसीबी, 'ए' टाइप आरसीसीबी.
४. एक्स्टेन्शन बोर्ड आणि शेतीपंपाची वीज, दोन्ही बंद.
५. जाहिरातीत "ईव्ही चार्जर" लिहू नका, "रात्रभर संथ चार्जिंग, १५ अँपिअर" असं लिहा आणि पॉइंटचा फोटो टाका.

राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर ई-कारला टोलमाफी आहे. या गाड्या आता वाढतच जाणार आणि आपल्या दारात येणार. सोय नसेल तर "नाही" म्हणायला लाज वाटून घेऊ नका. एक बुकिंग गेलं तरी चालेल, घर राहिलं पाहिजे.