कार्डिनल जॉन ओ'कॉनर यांची आठवण

आपल्या समाजाच्या पानावर एका कॅथलिक धर्मगुरूवर लेख कशाला, असं कुणी विचारेल. मी आयुष्यभर नर्स होते आणि न्यूयॉर्कमध्ये नोकरी केली. त्या शहराच्या या आर्चबिशपबद्दल आपल्या तरुण मुलांना काही माहीत नाही, म्हणून लिहिते.

जॉन जोसेफ ओ'कॉनर यांचा जन्म १५ जानेवारी १९२० रोजी फिलाडेल्फिया येथे झाला. वडील रंगकाम करणारे कारागीर होते. १९४५ मध्ये ते पाद्री झाले आणि १९५२ पासून २७ वर्षे अमेरिकन नौदलात धर्मगुरू होते. तिथे रिअर ॲडमिरलच्या हुद्द्यापर्यंत पोचले. १९८३ मध्ये स्क्रॅन्टनचे बिशप, १९८४ मध्ये न्यूयॉर्कचे आर्चबिशप आणि १९८५ मध्ये कार्डिनल झाले.

ते न्यूयॉर्कला आले तेव्हा एड्सची साथ जोरात होती. औषध नव्हतं, भीती मात्र फार होती. जेवणाचा ट्रे खोलीच्या दाराबाहेर ठेवून निघून जाणारे कर्मचारी मी पाहिले आहेत. दुसऱ्यांना काय नावं ठेवू? एका तरुण मुलाची नाडी बघायला मीही हातात दोन-दोन ग्लोव्हज घातले होते. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड वळवलं. नाडी बघायला एकाही ग्लोव्हची गरज नसते, हे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात शिकलेली मी!

त्याच काळात ओ'कॉनर सेंट क्लेअर्स हॉस्पिटलमधल्या एड्सच्या रुग्णांकडे नेमाने जात. गाजावाजा न करता रुग्णांचे केस धूत, बेडपॅन रिकामे करत, जवळ बसून बोलत. असे शेकडो रुग्ण त्यांनी पाहिले. बेडपॅनचं काम काय असतं ते आम्हा नर्सना विचारा. दाखवण्यासाठी ते कुणी पुन:पुन्हा करत नाही.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या एड्स आयोगावर ते सदस्य होते, तरी चर्चच्या शिकवणीप्रमाणे त्यांनी कंडोमच्या प्रचाराला कडवा विरोध केला. समलिंगी लोकांच्या हक्कांनाही त्यांचा विरोध होता. डिसेंबर १९८९ मध्ये सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये प्रार्थना चालू असताना निदर्शकांनी मोठा निषेध केला, अनेकांना अटक झाली. कंडोमबद्दलचं त्यांचं मत मला नर्स म्हणून तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

आता आपल्या लोकांशी त्यांचा संबंध. नौदलात असताना त्यांनी जर्मनीतील दाखाऊ छळछावणी पाहिली. तिथल्या भट्टीत हात घातला तो क्षण त्यांना शेवटपर्यंत विसरता आला नाही. चुकाही झाल्या. १९८७ मध्ये ते इस्राएलला गेले तेव्हा व्हॅटिकनने देशाला मान्यता दिली नव्हती, म्हणून जेरुसलेममध्ये नेत्यांना सरकारी कार्यालयात भेटायची त्यांना मनाई होती. शिवाय यहुद्यांचं दुःख ही जगाला मिळालेली देणगी, अशा अर्थाचं ते बोलले. यहुदी संघटना रागावल्या आणि ते योग्यच होतं. पण ते दुरावले नाहीत. व्हॅटिकनने इस्राएलशी संबंध जोडावेत म्हणून ते झटत राहिले आणि ३० डिसेंबर १९९३ रोजी दोघांत मूलभूत करार झाला.

१९९९ च्या ऑगस्टअखेर त्यांच्या मेंदूतील गाठीवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, आपल्या नव्याच्या सणाच्या सुमारास, त्यांनी एली वीझेल यांना पत्र लिहिलं. कॅथलिकांनी, स्वतःसकट, यहुद्यांना जे दुखावलं त्याबद्दल मनापासून खेद व्यक्त केला. ते पत्र न्यूयॉर्क टाइम्समध्ये पूर्ण पानावर छापून आलं. ३ मे २००० रोजी ते वारले. सेंट पॅट्रिक्सच्या वेदीखालच्या तळघरात त्यांचं दफन झालं.

चौदा वर्षांनी, २०१४ मध्ये, त्यांच्या बहिणीने घराण्याचा शोध घेतला तेव्हा कळलं की आई डोरोथी गॉम्पल जन्माने यहुदी होती. लग्नाआधीच तिने धर्म बदलला होता. म्हणजे हलाखाप्रमाणे कार्डिनलसाहेब यहुदी आईचे पुत्र! हे त्यांना ठाऊक होतं असं दिसत नाही. आपल्याला याचं वेगळं वाटतं. १९६२ नंतर इस्राएलमध्ये बेने इस्राएल मुलामुलींना लग्नासाठी आई-आजीच्या वंशाची चौकशी सोसावी लागली होती. १९६४ मध्ये क्नेसेटने आपल्या बाजूने ठराव केला तेव्हा कुठे घरोघरी हायसं वाटलं. इथे मात्र आईचा वंश कुणी विचारलाच नव्हता आणि तरीही हा माणूस आपल्या दाराशी माफी मागायला आला.

योम किप्पूर, आपल्या वडीलधाऱ्यांचा दरफाळणीचा सण, देवाविरुद्धची पापं धुतो. माणसाला दुखावलं तर त्या माणसाकडेच जावं लागतं, हे माझी आई सांगायची. दर वर्षी त्या दिवसाआधी मला भिंतीकडे तोंड वळवलेला तो मुलगा आठवतो. तो त्याच हिवाळ्यात गेला. माफी मागायची राहून गेली.