धर्म बदलला, प्रार्थनेची भाषा कोणती?

१/५ नांदेड-लातूरच्या गावांत सायंकाळी हरिपाठ कानी पडतो. नित्यपाठ हा वारकऱ्याचा देवाशी रोजचा संवाद. अशा मराठी मुलखात कुणी ख्रिस्ती झाला, तर त्याने रोजची प्रार्थना कोणत्या शब्दांत करावी?

२/५ एकोणिसाव्या शतकातील मराठी चर्चमध्ये पाश्चात्त्य चालींवरील गीतांचा मोठा भरणा होता. शब्द मराठी, सूर मात्र परका.

३/५ १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी ही कोंडी फोडली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांची प्रार्थना अभंगात उतरली आणि ख्रिस्त ‘माउली’ झाला.

४/५ हा बदल केवळ छंदाचा नव्हता. अभंगातला भक्त देवाकडे नुसते मागणे मागत नाही. तो त्याच्याशी बोलतो, रुसतो, भांडतो. अशी प्रार्थना रविवारच्या उपासनेपुरती उरत नाही. ती कामाच्या धबडग्यातही ओठी येते.

५/५ १९१७ मध्ये मिशनपासून वेगळे होऊन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तो खुला होता. १९१९ मध्ये ते गेले. त्यांची गीते मात्र ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून मराठी ख्रिस्ती आजही गातात.