राजाने लिहून दिलेलं राज्य

आमचं गाव आटपाडी महालातलं, म्हणजे १९४८ पर्यंत औंध संस्थानातलं. जेमतेम ७२ गावांचं संस्थान, तेही सलग नाही. औंध आणि कुंडल एका अंगाला, आटपाडी माणदेशात, गुणदाळ तर पार विजापूरकडे. आजोबा म्हणायचे, "पंताचं राज्य मुठीएवढं, पर राजा मोठा."

हे राजे म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचे आणि चित्रांचे वेडे, स्वतः उभं राहून कीर्तन करणारे. सत्तरी गाठलेल्या या माणसाने १९३८ च्या अखेरीस सत्ता रयतेच्या हाती देत असल्याचं जाहीर केलं. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि पोलंडहून आलेले इंजिनियर मॉरिस फ्रीडमन गांधीजींना भेटले, त्यांच्या सल्ल्याने मसुदा झाला आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधला स्वतःची राज्यघटना मिळाली. गावाने पाच पंच निवडायचे, त्यांतून तालुक्याचा कारभार उभा राहायचा आणि तिथून वर विधिमंडळ. भाषणाचं, सभेचं, उपासनेचं स्वातंत्र्यही लिहून दिलेलं होतं. देशावर व्हाइसरॉयचा अंमल असताना, दुष्काळी मुलखात हे घडलं. राजाच्या लहरीपेक्षा लिहिलेला कायदा मोठा, हे मान्य करणारा राजा मला आजही थोर वाटतो.

आजोबांची लाडकी हकीकत बांधाची. भावकीतल्या एकाने दरसाल नांगरताना वीतभर बांध कोरला होता. पूर्वी अशा भांडणाला वकील, तारखा, पायपीट आणि शेवटी सावकार. आता पंच मारुतीच्या पारावर बसले आणि तिथून सगळं गाव घेऊन शेतात गेले. एका म्हाताऱ्याने हिवराच्या बुंध्यापासून पावलं मोजली आणि "इथं खांदा" म्हणाला. हातभर माती उपसली तर हद्दीचा दगड लागला. बांध कोरणाऱ्याने तिथल्या तिथे मान खाली घातली. "गावासमोर खोटं बोलाय जीभ रेटत न्हाई," आजोबा सांगायचे.

घटना आली त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. भिंत नसलेला तुरुंग! जन्मठेपेचे कैदी तिथे शेती करू लागले. कैदीही माणूसच आहे, हे त्यामागचं गृहीत. कवी ग. दि. माडगूळकर याच मुलखातले. त्यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. ती वसाहत आजही आहे.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती मला आजोबांकडून कळली नाही. गावातल्या बौद्ध वस्तीतल्या एका आजींनी सांगितली. पारावर न्याय चालायचा तेव्हा त्यांचे वडील पाराखाली, लांब उभे असायचे. त्यांची दाद ऐकली जायची, पण ओरडून सांगावी लागायची. "पंच चांगलं हुतं रं. पर पार त्यांचा हुता."

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत खेड्यांवर कठोर टीका केली आणि मसुद्यात खेड्याऐवजी व्यक्तीला घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. ती टीका आजोबांच्या पिढीला झोंबली असणार. आजींचं ऐकल्यावर मला ती तंतोतंत पटली. गाव एकमताने चुकू शकतं. तेव्हा एकट्या माणसाला दाद मागायला गावाबाहेरचं न्यायालय लागतं, आणि कोणत्याही बहुमताला हिरावता न येणारे हक्क लागतात. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, कलम ३२ ने थेट सर्वोच्च न्यायालयाचं दार उघडलं. ग्रामपंचायतींचं कलम ४० सुद्धा आलं, पण मार्गदर्शक तत्त्वांत. पंचायतींना घटनेचं भक्कम बळ मिळायला १९९३ उजाडावं लागलं. त्या वर्षी अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांसाठी, अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखल्या आणि पार सगळ्यांचा झाला, निदान कायद्याने तरी.

औंध संस्थान मात्र त्याआधीच, ८ मार्च १९४८ रोजी, मुंबई प्रांतात विलीन झालं होतं. तिथल्या घटनेला उणीपुरी नऊ वर्षं मिळाली.

आज आमच्या ग्रामसभेला कोरम भरत नाही. सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात, बायकांच्या सह्या नवरे करतात. म्हणून एवढीच विनंती आहे : येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर लगेच घरी जाऊ नका. ग्रामसभेला थांबा, वर्षाचा जमाखर्च वाचून दाखवायला सांगा, आणि शेजारच्या वस्तीतलं कोणी मागे उभं असेल तर त्यांना पुढे बोलवा.