चूक कबूल करणारा दिवा

गाडीची चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे दोन-तीन सेकंद लागतात आणि विझतात. त्यात ‘एबीएस’ अशी अक्षरं असलेला एक पिवळा दिवा असतो. कधीकधी तो विझतच नाही. आपण ब्रेक दाबून बघतो, गाडी थांबते, मग विषय तिथेच सोडून देतो. पण हा दिवा काय सांगतोय हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

जोरात ब्रेक दाबला की चाक जाम होतं, पण गाडी घसरत पुढे जातेच. जाम झालेलं चाक स्टिअरिंगचंही ऐकत नाही. यावर डनलॉपने ‘मॅक्सारेट’ नावाची यांत्रिक यंत्रणा काढली. १९५०च्या दशकात ती विमानांच्या चाकांवर होती, १९६६ साली ती जेन्सन एफएफ या ब्रिटिश कारमध्ये आली.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. एअर ब्रेकवाले नवे ट्रक ठराविक अंतरात आणि चाकं जाम न होता थांबले पाहिजेत, असा नियम तिथे १९७५ साली लागू झाला. त्यासाठी ट्रकांवर इलेक्ट्रॉनिक अँटी-लॉक बसवावं लागलं. ट्रक बनवणारी पॅकार कंपनी कोर्टात गेली आणि १९७८ साली अपील कोर्टाने नियमाचा हा भाग रोखला. कारण साधं होतं. ही यंत्रणा रस्त्यावर भरवशाची आहे हे सिद्ध झालेलं नव्हतं, आणि बेभरवशाची यंत्रणा बसवलेला ट्रक ती नसलेल्या ट्रकपेक्षा जास्त धोक्याचा ठरू शकत होता.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे सगळ्यात वाईट बग तो, जो एरर न दाखवता चुकतो. ब्रेकच्या बाबतीत अशा बगची किंमत जीव असते.

त्याच वर्षी जर्मनीत बॉशचं एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. आधीच्या अ‍ॅनालॉग आराखड्यात सुमारे १००० सुटे भाग होते, डिजिटलमध्ये ते १४०वर आले. भाग कमी, म्हणून बिघाडही कमी. शिवाय ही यंत्रणा स्वतःला तपासत राहायची. गडबड दिसली की स्वतः बाजूला व्हायचं, साधा ब्रेक तसाच चालू ठेवायचा आणि दिवा लावायचा. म्हणून आपल्या गाडीत दिवा लागलेला असतानाही ब्रेक लागतात. नसतं ते चाक जाम होऊ न देणारं संरक्षण, आणि ते नाही हे पावसात जोरात ब्रेक दाबेपर्यंत कळत नाही.

१९९५ साली अमेरिकेने ट्रकांसाठी एबीएसचा नियम पुन्हा आणला, तेव्हा त्यात या दिव्याचाही तपशील घातला. इंजिन बंद केल्यावरही बिघाडाची नोंद राहिली पाहिजे आणि पुन्हा चालू केल्यावर दिवा लागलाच पाहिजे. म्हणजे गाडी बंद-चालू करून बिघाड ‘घालवण्याची’ सोय नको.

त्याच वर्षी मर्सिडीजच्या एस ६०० कूपमध्ये ईएसपी आलं. गाडी भलतीकडे वळायला लागली की ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावतं. १९९७ साली एका स्वीडिश मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास अचानक वळवताना उलटली. त्यानंतर कंपनीने त्या गाडीत ईएसपी सरसकट दिलं.

घसरत्या गाडीचं चित्र असलेला दिवा या ईएसपीचा. तो लुकलुकला तर यंत्रणा त्या क्षणी तुम्हाला सावरतेय, वेग कमी करा. सतत पेटलेला राहिला तर ती बटणाने बंद केलेली आहे किंवा बिघडलेली आहे. एबीएसचा पिवळा दिवा एकटाच लागला असेल तर अंतर ठेवून, सावकाश गॅरेज गाठा. बऱ्याचदा चाकाजवळचा सेन्सर किंवा त्याची वायर निघते. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर मात्र गाडी जपून बाजूला घ्या आणि पुढे चालवू नका.

२०१९पासून आपल्याकडेही नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे. यंत्रणा कायद्याने गाडीत आली, पण दिव्याकडे बघण्याची सक्ती कोणी करू शकत नाही.